पडकं ते पडकंच ठेवायचं

२० जानेवारी

१९४५ साली आजच्याच तारखेला एसएस या नाझी दलाच्या लोकांनी पोलंडमधल्या ऑशवित्झच्या बिर्केनाऊ छावणीतली दोन आणि तीन क्रमांकाची दहनगृहं सुरुंग लावून उडवली. त्याच आठवड्यात ऑशवित्झच्या छावण्यांतून सुमारे ५६,००० कैद्यांना बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकललं. मागे उरले साधारण ७,०००, बहुतेक आजारी. २३ तारखेला लुटीच्या मालाची कोठारं पेटवली, २६ला पाच क्रमांकाचं दहनगृह उडवलं आणि २७ला सोव्हिएत फौज पोचली. चार क्रमांकाचं दहनगृह त्याआधीच, ७ ऑक्टोबर १९४४ला, तिथे प्रेतं जाळायला जुंपलेल्या ज्यू कैद्यांच्या उठावात जळालं होतं.

सुमारे ११ लाख माणसं इथे मारली गेली, त्यातले जवळजवळ १० लाख ज्यू. ते कुठे मारले याचा पुरावा मिटवायच्या घाईत जे कोसळलं, तेच आज जपायचं आहे. खचलेला, वाकलेला, मधोमध मोडलेला काँक्रीटचा स्लॅब सरळ करायचा नाही आणि आणखी खचूही द्यायचा नाही. जुन्या देवळाचा पडलेला दगड परत बसवला की लोक खूश होतात. इथे तसं केलं तर पुराव्यात हात घातल्यासारखं होतं.

अडचण मातीची. दोन आणि तीन क्रमांकाच्या इमारतींत कपडे उतरवायची खोली आणि वायुकक्ष जमिनीखाली होते. तळघराच्या भिंतीला एरवी वरचा स्लॅब धरून ठेवतो. स्लॅब गेला की बाहेरची माती भिंतीला आत रेटते, पाणी साचतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दरवर्षी भेग थोडी रुंदावते. आधार द्यायचा तर बाहेरून, जमिनीत, पाहणाऱ्याला दिसणार नाही असा. आतून टेकू लावणं सोपं आणि स्वस्त पडेल, पण मग अवशेष टेकूंच्या जंगलात हरवतील.

उलट उदाहरण मुख्य छावणीतच आहे. एक क्रमांकाचं दहनगृह १९४४मध्ये एसएसनेच हवाई हल्ल्यापासूनचा निवारा करून टाकलं होतं. युद्धानंतर त्याला पहिलं रूप द्यायचा प्रयत्न झाला: मधल्या भिंती काढल्या, छतातली भोकं पुन्हा पाडली, मूळ भाग वापरून दोन भट्ट्या जुळवल्या, धुराडं नव्याने बांधलं. हेतू चांगला होता. पण हत्याकांड नाकारणारे आजतागायत त्या धुराड्याकडे बोट दाखवून 'सगळंच बनावट' म्हणतात. १९४७मध्ये संग्रहालय झालं तेव्हा जतनाचा विचार कोवळा होता, त्यामुळे दोष देववत नाही. धडा मात्र पक्का.

सर्वांत चिवट काम बिर्केनाऊच्या विटांच्या बराकींचं. अशा ४५ उभ्या आहेत. १९४१च्या शरदात सोव्हिएत युद्धकैद्यांना राबवून बांधकाम सुरू झालं. विटा आल्या त्या हुसकावलेल्या गावकऱ्यांची घरं पाडून. बाहेरची भिंत अर्ध्या विटेची, जेमतेम १२ सेंटीमीटर. पाया नावापुरता, खाली चिकणमाती, भूजल वर. आत ६० खण, प्रत्येकात तीन थर, म्हणजे १८० जागा, आणि एकेका जागेत चौघे धरलेले. प्रत्यक्षात त्याहून जास्त कोंबत. ही इमारत काही वर्षंही टिकावी म्हणून बांधलेली नव्हती.

म्हणून एकाच वेळी सगळं बिघडतं. ओल खालून चढते, विटांना लोणा लागतो, भिंत बाहेर कलते, छताच्या कैच्या तिच्यासोबत सरकतात. इथे सिमेंट वापरायचा मोह घातक. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा घट्ट असतं. ओल सांध्यातून बाहेर पडायची ती विटेतून पडते आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. दुरुस्तीचा मसाला नेहमी विटेपेक्षा कमजोर हवा. आतल्या गिलाव्याचं आणखी नाजूक. त्यावर स्वच्छतेच्या आणि शिस्तीच्या जर्मन सूचना रंगवलेल्या आहेत. बोटाने हलकं ठोकत जायचं, पोकळ आवाज आला तिथे खूण करायची, मग बारीक भोकातून सिरिंजने पातळ चुना आत सोडायचा. जोर जास्त झाला की गिलावा फुगून खाली येतो, अक्षरांसकट. तेव्हा हे काम घाईने उरकत नाही.

इथे आणलेल्यांकडून हिसकावलेल्या वस्तूंचं शास्त्र वेगळं. जोडे सुमारे १,१०,००० आहेत, त्यातले ८,००० लहान मुलांचे. सुटकेस ३,८००च्या आसपास. निम्म्याहून अधिक सुटकेसींवर मालकाचं नाव, कित्येकदा जन्मतारीख आणि गाव. नाव रंगाने लिहिलेलं, त्यामुळे ओलं फडकं लावण्याआधी कोपऱ्यातल्या टिंबभर जागी रंग सुटतो का ते पाहावं लागतं. बऱ्याच सुटकेसी चामड्याच्या नाहीतच, दाबलेल्या पुठ्ठ्याच्या आहेत. पाणी लागलं की थर सुटतात.

जोड्यात शत्रू आतच बसलेला असतो. टाचेचा लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं चामडं खातो. चामड्याला तेल पाजलं तर मऊ होतं, चमकतं, पण धूळ धरतं, आणि पितळी बकल असेल तर स्निग्धांशामुळे हिरवी बुरशीसारखी पुटं येतात. म्हणून कोरडी साफसफाई: मऊ ब्रश, जाळी लावलेला कमी ओढीचा व्हॅक्यूम, मग फोटो, नोंद. चेपलेला जोडा भरून आकारात आणायचा नाही, गाठ सोडायची नाही.

मारलेल्यांच्या कापलेल्या केसांना हातच लावायचा नाही. सोव्हिएत सैन्याला सुमारे ७ टन केस सापडले, आज जवळपास २ टन आहेत. ते माणसांच्या देहाचा भाग, प्रदर्शनातली वस्तू नव्हेत, म्हणून त्यांच्यावर रसायनं वापरायची नाहीत असं ठरलं आहे. रंग उडतोय, तंतू ठिसूळ होताहेत, एक दिवस त्यांची भुकटी होणार हे जाणूनच. पुरावा घालवताय, असा आक्षेप यावर घेता येतो. मला निर्णय पटतो. पुराव्याचं काम कागद, फोटो आणि मोजमापं करतील.

मुख्य छावणीच्या फाटकावरची, 'काम माणसाला मुक्त करतं' असं जर्मनमध्ये सांगणारी लोखंडी पाटी १८ डिसेंबर २००९च्या पहाटे चोरांनी कापून पळवली. काही दिवसांत ती तीन तुकड्यांत सापडली, जोडली गेली, पण परत टांगली नाही. बाहेर आता प्रतिकृती आहे. कुंपणाबाबतही अशीच तडजोड: काँक्रीटचे मूळ खांब ठेवायचे, काटेरी तार गंजली की बदलायची. खांबातली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते, म्हणजे खांबांनाही अमरपट्टा नाही.

या सगळ्यासाठी २००९मध्ये न्यास स्थापन झाला. १२ कोटी युरोंचा निधी ठरला, त्यातला निम्मा जर्मनीचा. मुद्दल गुंतवायचं आणि उत्पन्नातून जतन करायचं. देणगीवर हे चालत नाही, कारण देणगीदाराला उद्घाटन हवं असतं आणि इथली अर्धी कामं दिसतच नाहीत. बिर्केनाऊमधले पाण्याचे चर कैद्यांकडून खणून घेतले होते. ते गाळाने भरले की भूजल वर येतं आणि बराकींवर केलेला सगळा खर्च ओलीत जातो. त्यामुळे चर उपसणं आणि गवत कापणं हे दर हंगामाचं काम.