नैवेद्यमंत्राच्या आधाराने इजिप्तची चित्रलिपी

प्राचीन इजिप्तची लिपी शिकताना मी एकव्यंजनी चिन्हांचा, म्हणजे एकेकच व्यंजन दाखवणाऱ्या चिन्हांचा तक्ता पाठ केला होता, परंतु शिलेवरचे अक्षर लागू लागले ते नैवेद्यमंत्रामुळे. 'हेतेप दि नेसु', म्हणजे राजाने दिलेला नैवेद्य, या शब्दांनी मध्य राज्यकाळातील (इ.स.पू. सुमारे २००० ते १७००) असंख्य स्मृतिशिलांचा मजकूर सुरू होतो. पुढे मृतांचा देव ओसायरिस याचे नाव, हजार भाकरी, बीअर, बैल आणि पक्षी यांची मागणी येते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण या एका मंत्रात लिपीचे बहुतेक नियम भेटतात. राजाचा शब्द उच्चारात शेवटी असला, तरी मानाखातर तो आधी कोरतात. माणसांची आणि पक्ष्यांची तोंडे ज्या बाजूला वळलेली असतात, त्या बाजूने वाचन सुरू करायचे. स्वर लिहिलेलेच नसतात. 'हेतेप'मधला 'ए' अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे. एका चिन्हात तीन व्यंजने सामावलेली असली, तरी शेजारी त्यांतली एकदोन पुन्हा लिहितात. ती वेगळी वाचायची नसतात, केवळ वाचनाला दुजोरा देतात.

संगणकावर लिहिण्यासाठी मी 'जेसेश' हा मोफत प्रोग्राम वापरला. त्यात इजिप्तविद्येचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांच्या चित्रलिपीच्या चिन्हयादीतील क्रमांक टंकित करायचे असतात. अपूर्णविरामाने एक चिन्ह दुसऱ्यावर चढते, तारांकनाने ती शेजारी बसतात. युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक प्रमाणात २००९ साली १,०७१ चिन्हे आली, पण ती एकावर एक रचण्याच्या खुणा २०१९ पासून मिळू लागल्या.

माझी नजर मात्र इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये छायाचित्रावरून चिन्हे रेखाटताना तयार झाली. आपल्याकडेही आढळणारे पांढरे गिधाड आणि बझर्ड हा शिकारी पक्षी यांची चिन्हे तक्त्यात जवळजवळ सारखी दिसतात. पहिले एक व्यंजन दाखवते, दुसरे तीन. बझर्डचे डोके अधिक गोल असते, हे रेषा ओढताना मनात पक्के बसले. घुबडाचे शरीर एका बाजूने दिसते आणि चेहरा मात्र थेट आपल्याकडे वळलेला असतो, हेही तसेच.

रेषेच्या जाडीलाही अर्थ आहे. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरून, उठावाच्या कोरीवकामात उजवी आणि खालची कड जाड काढतात, तर दगडात आत खोदलेल्या चिन्हांसाठी याच्या उलट. हे ध्यानात आल्यावर माझी रेखाटने सजावट न राहता नोंदी होऊ लागली. जिथे दगड फुटलेला आहे, तिथे मी फक्त दिसणारी रेघ काढते, नष्ट भाग तिरप्या रेघांनी भरते आणि तिथे कोणते अक्षर असावे याचा अंदाज चित्रात न मिसळता लिप्यंतरात चौकटी कंसात लिहिते.