सिक्स-एसच्या सहा बॅटऱ्या आणि त्यांचं चार्जिंग: पावसाळ्याआधीची नोंद

मागच्या नोंदीत माझ्या ड्रोनच्या फ्रेम आणि मोटरबद्दल लिहिलं होतं. या वेळी फक्त बॅटऱ्या आणि चार्जिंग. पाच इंची पंख्यांचा क्वाड, म्हणजे चार मोटरांचा ड्रोन, आता जसा हवा तसा उडतो, पण सकाळी उडवायला गेल्यावर खरा अडसर असतो तो विजेचा. फ्रीस्टाइल, म्हणजे कसरती करत, उडवलं की १३०० एमएएचचा सिक्स-एस (एकापुढे एक सहा सेल जोडलेला) पॅक चार ते पाच मिनिटांत संपतो. सहा पॅक म्हणजे जेमतेम अर्धा तास हवेत. तेच सहा पॅक एकेक करून वन-सीने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच करंटने, चार्ज करायचे म्हटले तर प्रत्येकी तासभर धरा. अर्ध्या तासाच्या मजेसाठी सहा तास चार्जरची राखण.

अशा वेळी बहुतेक जण आणखी पॅक विकत घेतात. माझं मत उलटं झालंय: नवे पॅक घ्यायच्या आधी पैसा चार्जिंगच्या साखळीत घाला. साखळी म्हणजे पॉवर सप्लाय, चार्जर, पॅरलल बोर्ड (अनेक पॅक एकदम चार्जरला जोडायची पट्टी) आणि उरलेला चार्ज उतरवायची सोय. या चारांतलं जे सगळ्यांत कमकुवत, तेवढाच तुमचा वेग.

आधी माझ्याकडे ११००, १३०० आणि १५०० अशी सगळी मिसळ होती, काही मित्रांकडून आलेली. आता सहाही पॅक एकाच बनावटीचे, १३०० एमएएचचे, एक्सटी-६० कनेक्टरवाले. ए-१ ते ए-३ आणि बी-१ ते बी-३ अशा चिठ्ठ्या लावल्यात, वर खरेदीचा महिना. पॅकवर १००-सी लिहिलेलं असतं, म्हणजे कागदावर १३० अँपिअर. तो आकडा मी जाहिरातीच्या खात्यात टाकतो. पॅक निवडताना वजन आणि अंतर्गत रोध (सेल आतून करंटला करतो तो विरोध, जितका कमी तितका बरा) बघावा. पॅक सगळे देशातल्याच दुकानांतून घेतले. लिथियम बॅटरी बहुधा रस्त्यानेच पाठवतात, त्यामुळे आठवडाभर हाताशी धरूनच ऑर्डर द्यावी.

आता वॅटचा हिशोब. सहा पॅक पॅरललमध्ये म्हणजे ७.८ अँपिअर-अवर. वन-सी म्हणजे ७.८ अँपिअर, आणि भरत आलेल्या सिक्स-एसचा व्होल्टेज २५.२. गुणाकार केला की १९७ वॅट. चार्जरमधली दहा-बारा टक्के गळती धरली की सव्वादोनशेच्या आसपास. थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचे छोटे चार्जर साठ-ऐंशी वॅटवर दम टाकतात. म्हणून डीसी इनपुटचा चार्जर आणि वेगळा सप्लाय असा मार्ग घेतला. सप्लाय मीन वेलचा एलआरएस-३५०-२४: चोवीस व्होल्ट, १४.६ अँपिअर. याच्या अंगावर ११५ आणि २३० व्होल्टचा छोटा सरकता स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वर आहे ना, हे पहिल्यांदा प्लग लावायच्या आधी डोळ्यांनी बघायचं. ११५ वर राहिला तर सप्लाय पहिल्याच झटक्यात जातो. टर्मिनलही उघडे असतात, म्हणून वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण आणि अर्थिंगची तीन पिनी वायर हवीच.

सर्व्हरमधून निघालेले बारा व्होल्टचे सप्लाय स्वस्त पडतात आणि दणकट असतात, हे खरं. पण बारा व्होल्टवर सव्वादोनशे वॅट ओढायला अठरा-एकोणीस अँपिअर लागतात, चोवीसवर त्याच्या निम्मे. करंट निम्मा झाला की त्याच वायरमधली उष्णता पाव होते. मे महिन्यात घरातल्या वायरी आधीच कोमट असताना हा फरक हाताला कळतो.

पॅरलल बोर्डाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन मंडळी इथेच घाबरतात किंवा इथेच फार धीट होतात. पॅरलल चार्जिंग म्हणजे पंगत: सगळे एकदम बसणार, एकदम उठणार. म्हणून बसताना सगळ्यांची भूक सारखी हवी. माझा नियम असा की दोन पॅकमध्ये प्रत्येक सेलमागे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक चालायचा नाही. का, ते आकड्यात बघा. एका सेलचा अंतर्गत रोध ४ मिलिओहम धरला तर सिक्स-एसचा २४, समोरासमोर दोन पॅकचे ४८. सेलमागे ०.१ फरक म्हणजे पॅकमध्ये ०.६ व्होल्ट. जोडल्या क्षणी साडेबारा अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात धावतात. हे चालतं. पण एक पॅक भरलेला आणि एक उडवून आलेला, सेलमागे अर्धा व्होल्ट फरक, तर तीन व्होल्ट भागिले ४८ मिलिओहम: साठ अँपिअरच्या वर. ही काही चार्जिंगची रीत नव्हे. आणि हा करंट चार्जरमधून जातच नाही, त्यामुळे चार्जरच्या सगळ्या सुरक्षा इथे प्रेक्षक म्हणून उभ्या असतात.

जोडायचा क्रमही ठरलेला: आधी सगळ्यांचे एक्सटी-६०, मग बॅलन्स लीड, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरींचा कनेक्टर. उलटं केलं तर तोच सगळा करंट बॅलन्सच्या केसासारख्या वायरींतून जातो. बोर्ड फ्यूज असलेलाच घ्यावा, दोनशे-तीनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

पॅरललचा एक दोष फारसं कोणी सांगत नाही. चार्जरला सगळ्या पॅकचा पहिला सेल मिळून एकच सेल दिसतो. एखाद्या पॅकमधला सेल म्हातारा होत असला तर तो घोळक्यात लपतो. चार्जर जो अंतर्गत रोध दाखवतो तोही सगळ्यांचा मिळून, म्हणजे निरुपयोगी. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक पॅक एकटा चार्ज करतो आणि सहाही सेलचे मिलिओहम वहीत लिहितो. नवे असताना तीन ते चार होते. बी-२ चा चौथा सेल आता सातवर गेलाय, बाकीचे पाच जागेवर आहेत. हवेत तो जाणवतो: थ्रॉटल दाबला की ओएसडीवरचा (गॉगलमधल्या चित्रावर उमटणारा) व्होल्टेज इतर पॅकपेक्षा लवकर खाली बसतो. बी-२ आता फक्त घरी बेंचवर टेस्टिंगला. एक सावधगिरी: हा आकडा तापमानावर फार हलतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे मोजलेला आणि एप्रिलच्या दुपारी मोजलेला आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. मी पॅक भरलेला आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजतो.

आता या हंगामातली सगळ्यांत आवडती गोष्ट. सकाळी पॅक भरून निघालो आणि वारा सुटला की तीन पॅक तसेच परत येतात. भरलेला लिपो, म्हणजे हाच लिथियम-पॉलिमर पॅक, सेलमागे ४.२ व्होल्टवर दिवसेंदिवस पडून राहिला की फुगायला लागतो, त्याला ३.८ ते ३.८५ वर, म्हणजे स्टोरेजला, आणायला हवं. चार्जरच्या आतला डिस्चार्ज दहा-पंधरा वॅटचा, म्हणजे एका पॅकला तासभर. त्याऐवजी ट्रकचा चोवीस व्होल्टचा एच-फोर बल्ब, ७५/७० वॅटचा. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात मागितला तर दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली साहेब?" म्हटलं, गाडी नाही, ड्रोनच्या बॅटऱ्या रिकाम्या करायच्यात. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मग होल्डर पण घ्या, नाहीतर उद्या परत याल." होल्डर घेतला. एक फिलामेंट जोडलं की जवळपास तीन अँपिअर ओढतं, आणि भरलेला पॅक बारा-तेरा मिनिटांत स्टोरेजला येतो.

बल्बला थांबायचं कळत नाही, तेव्हा बॅलन्स लीडला तो छोटा केकाटणारा लिपो अलार्म लावायचा, ३.८ वर सेट करून. तो ओरडला की एक्सटी-६० ओढायचा. आणि समोरून उठायचं नाही. बल्बची काच भाजण्याइतकी तापते, मी तो जुन्या फरशीच्या तुकड्यावर ठेवतो. आई म्हणते, "एवढा उजेड करतोस तर त्यात तांदूळ तरी निवडते."

चार्जिंगची जागा गॅलरीत. कुंभारवाड्यातून रुंद तोंडाची मातीची कुंडी आणली, तळाला कोरडी वाळू, चार्ज होणारे पॅक आत, बाजूला वाळूची बादली. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरू नका, आत वायू साठला तर डबाच फुटेल. वाळूबद्दलही गैरसमज नको. पेटलेला लिपो वाळूने विझत नाही, कारण आग आतल्या रसायनातूनच चालू राहते. वाळू ज्वाळा आणि ठिणग्या अडवते, एवढंच तिचं काम. झोपून चार्जिंग नाही, घर बंद करून नाही. आणि गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की अर्ध्यात वीज जाते, म्हणून आमच्याकडे गुरुवार चार्जिंगला सुट्टी.

बाहेर चार्जिंगसाठी आधी यूपीएसची बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड वापरून बघितली. नऊ अँपिअर ओढायला लागलं की तिची निम्मी क्षमताच हाती लागते, दुसरा पॅक भरायच्या आतच मान टाकते. आता १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट. कागदावर २५६ वॅट-अवर, त्यातले सव्वादोनशेच्या आतच वापरायचे. उडवून आलेला एक पॅक भरायला गळतीसकट सत्तावीस-अठ्ठावीस लागतात, म्हणजे सात ते आठ पॅक. एका वेळी तीनच लावतो, सहा लावले तर १७-१८ अँपिअर होतात आणि वायरी तापतात.

उडवायला मुळशीच्या बाजूला नाहीतर सासवडच्या पुढे जातो. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा झोन बघणं ठरलेलंच. बॅटरीसकट क्वाड २५० ग्रॅमच्या बराच वर, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत मायक्रो वर्गात बसतो, हेही ध्यानात ठेवा.

उन्हाळ्यात बॅटरीचा खरा शत्रू स्कूटरची डिकी. दुपारी आतलं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं, आणि लिपोला चार्जिंगसाठी ४५ अंश ही वरची मर्यादा. पॅक थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ न घालता. उतरलेला गरम पॅक सावलीत अर्धा तास ठेवल्याशिवाय बोर्डावर चढत नाही. बर्फ घातला तर बाहेर काढल्यावर पाणी सुटतं, ते नको.

गॉगल आणि रिमोटचे सेल वेगळे, त्यांचा त्रास नाही. दोन्हींत १८६५० मापाचे गोल लि-आयन सेल आहेत, आठवड्यातून एकदा चार्ज होतात.

जूनपासून चार महिने उडवणं जवळपास बंद. सगळे पॅक ३.८ वर, महिन्यातून एकदा मीटर. फुगलेले दोन जुने पॅक पूर्ण उतरवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांना देणार, घंटागाडीत नाही.

या काळात सात इंचीसाठी सिक्स-एसचा लि-आयन पॅक बांधायचा बेत आहे, मोलिसेलच्या पी-४२-ए सेलचा: ४२०० एमएएच, ४५ अँपिअरपर्यंत, सहा सेलचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. फ्रीस्टाइलला तो निरुपयोगी, संथ लांब उड्डाणाला उत्तम. स्पॉट वेल्डर मित्राचा मिळतोय. अडलंय ते निकेलच्या पट्टीवर. ०.१५ मिलिमीटरची पट्टी सहज मिळते, पण सगळा करंट मालिकेतल्या एकाच जोडातून जाणार, तेव्हा एक थर पुरणार नाही. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ०.२ ची शुद्ध निकेलची कुठे मिळते हे कोणाला माहीत असेल तर सांगा. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी नको, ती गंजते आणि तापते. घेण्याआधी कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी गंज दिसला की परत.