लाटव्हियन शब्दयोगी अव्यये : ‘बेझ’ची नोंद

लाटव्हियन भाषेतील शब्दयोगी अव्यये एकेक करून समजून घेण्याच्या छंदात सध्या ‘बेझ’ पूर्ण झाले आहे. रोमन लिपीत बी, ई, झेड अशा तीन अक्षरांनी लिहिले जाणारे हे अव्यय मराठीतल्याप्रमाणे नामाच्या मागून न येता त्याच्या आधी येते आणि त्याचा मुख्य अर्थ ‘शिवाय, विना’ असा आहे. याच छंदात असलेल्यांना उपयोगी पडावे म्हणून आतापर्यंत हाती लागलेले येथे मांडतो.

विभक्तीचा नियम सोपा आहे. एकवचनात ‘बेझ’ला षष्ठी लागते, म्हणून ‘बेझ त्सुकुरा’ म्हणजे साखरेशिवाय आणि ‘बेझ मानिस’ म्हणजे माझ्याशिवाय. अनेकवचनात मात्र लाटव्हियनमधील सर्वच पूर्वस्थित अव्ययांना चतुर्थी लागत असल्यामुळे ‘आमच्याशिवाय’ हे ‘बेझ मुम्स’ असे होते. शेजारच्या लिथुएनियन भाषेत ‘बे’ या सजातीय अव्ययाला अनेकवचनातही षष्ठीच लागते, त्यामुळे दोन्ही भाषा बरोबरीने शिकणाऱ्याने हा फरक आरंभीच पक्का करून घ्यावा.

अर्थाच्या बाबतीत मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. ‘माझ्याशिवाय तेथे तिघे होते’ आणि ‘माझ्याशिवाय ते गेले’ या दोन वाक्यांत आपला ‘शिवाय’ जे दोन अर्थ देतो, नेमके तेच दोन, म्हणजे ‘खेरीज’ आणि ‘विना’, ‘बेझ’ही देतो. ‘बेझ ताम’ हा रूढ शब्दप्रयोग तर आपल्या वाक्यारंभीच्या ‘शिवाय’च्याच जागी येतो, त्यात एकवचन असूनही चतुर्थी आहे, आणि नियमाप्रमाणे षष्ठीत ‘बेझ ता’ म्हटले की अर्थ ‘त्याच्याविना’ असा सरळ होतो.

उपसर्ग म्हणून ‘बेझ’ फार फलदायी आहे. ‘दार्ब्स’ म्हणजे काम, ‘बेझदार्ब्स’ म्हणजे बेकारी; ‘मिएग्स’ म्हणजे झोप, ‘बेझमिएग्स’ म्हणजे निद्रानाश; ‘दिबेन्स’ म्हणजे तळ, ‘बेझदिबेनिस’ म्हणजे अथांग दरी; ‘गाल्स’ म्हणजे शेवट, ‘बेझगालीबा’ म्हणजे अनंतता. मला यांत ‘बेझदिबेनिस’ सर्वांत सुंदर वाटतो. पाकोळीसारख्या एका पक्ष्याला ‘बेझदेलीगा’ म्हणतात, पण त्यात हा उपसर्ग नाही, केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘बेकारी’तला आपला ‘बे’ही असाच फसवा आहे, तो फारसीतून आला आणि मध्य फारसीतील ‘अबे’ या रूपाचा आरंभीचा स्वर गळून तयार झाला, त्यामुळे लिथुएनियन ‘बे’शी त्याचे नाते नाही.

खरे नाते दुसरीकडे आहे, आणि याच भागावर मी सर्वाधिक वेळ दिला. स्लाव्ह भाषांतील ‘बेझ’, प्राचीन प्रशियन (लाटव्हियनच्याच कुळातली, आता लुप्त भाषा) ‘भे’ आणि संस्कृत ‘बहिस्’ यांची तुलना व्युत्पत्तिकार एकत्र करतात. म्हणजे प्राकृत ‘बाहिर’मधून आलेला आपला ‘बाहेर’ हा याच कुळातला. जिथे संस्कृतात ‘ह’ तिथे लाटव्हियनमध्ये ‘झ’ ही जुळणी इतरत्रही दिसते: हंसाला ‘झुओस’ (अर्थ राजहंस नव्हे, बदक जातीतील मोठा पक्षी), हिमाशी संबंधित ‘झिएमा’ म्हणजे हिवाळा, आणि ‘वह्’ धातूशी संबंधित ‘वेझुम्स’ म्हणजे गाडीभर ओझे. ‘बहिस्’च्या मूळ भारोपीय (संस्कृत व बहुतेक युरोपीय भाषांच्या समान पूर्वज भाषेतील) शब्दात दोन महाप्राण, म्हणजे ‘भ’, ‘घ’ यांसारखे हकारयुक्त ध्वनी, होते. अशा वेळी संस्कृतात पहिल्याचे महाप्राणत्व जाते, हा नियम जर्मन अभ्यासक हेर्मान ग्रासमानने 1863 मध्ये मांडला, आणि म्हणूनच आपल्याकडे ‘भहिस्’ नसून ‘बहिस्’ आहे.

विभक्तीचे साम्य मला ध्वनींच्या साम्याहून मोलाचे वाटते. पाणिनीने ‘अपपरिबहिरञ्चवः पञ्चम्या’ या सूत्रात ‘बहिस्’चा संबंध पंचमीशी जोडला आहे, तर लाटव्हियन ‘बेझ’ला षष्ठी लागते. वरवर हा विरोध दिसतो, परंतु बाल्टिक भाषांतील (लाटव्हियन, लिथुएनियन इत्यादींतील) अकारान्त पुल्लिंगी नामांची षष्ठी ही मुळात जुनी पंचमीच आहे. ‘बेझ दिएवा’ म्हणजे ‘देवाविना’ यातील ‘दिएवा’ हे रूप म्हणूनच संस्कृत ‘देवस्य’शी नव्हे, तर ‘देवात्’शी जुळते. बाहेर असण्यातून ‘नसणे’ हा अर्थ कसा निघाला असेल, हे या पंचमीमुळे समजते: वस्तूपासून दूर, तिच्या बाहेर, आणि मग तिच्याविना.

याच विषयावर लाटव्हियन भाषाशास्त्रज्ञ यानिस एन्झेलिन्स (1873–1961) यांनी लाटव्हियन अव्ययांचा रशियन भाषेतील दोन भागांचा ग्रंथ 1905–06 मध्ये प्रसिद्ध केला होता. या छंदात पुढे जाणाऱ्याला तो टाळता येणार नाही. पुढील नोंद ‘आइझ’, म्हणजे ‘मागे, पलीकडे’, या अव्ययावर करीन. त्यालाही एकवचनात षष्ठीच लागते, तेव्हा तेथेही जुन्या पंचमीचा माग काढता येतो का, ते आधी तपासायचे आहे.