मागच्या रांगेची परीक्षा: नागपूर, दोन दिवस

मे महिन्यात नागपूरला जाऊ नका, हा पहिला सल्ला. मी गेलो, कारण लॅब सुट्टीतच रिकामी मिळते. नाशिकहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस धरली, सकाळी नागपूर. कॉलेज हिंगण्याच्या बाजूला असेल तर स्टेशनवरून रिक्षाची घासाघीस करू नका. मेट्रोची ॲक्वा लाइन थेट लोकमान्य नगरपर्यंत जाते, तिथून पुढे रिक्षा.

काम सोपं होतं. संख्या सिद्धांताच्या कार्यशाळेसाठी तीस मशिनवर पारी-जीपी टाकायचं. फ्रान्समधल्या बोर्दोचं हे मोफत गणिती सॉफ्टवेअर मोठमोठे आकडे जीएमपी या लायब्ररीकडून गुणून घेतं. दोन्ही मी घरी लॅपटॉपवर मूळ कोडपासून बिल्ड करून, म्हणजे चालवण्याजोगं बनवून, पेनड्राइव्हवर आणलं होतं. फोल्डर कॉपी केलं की झालं, अशी समजूत. फोनवर रॅम विचारली, डिस्क विचारली, उबुंटूची आवृत्ती विचारली. प्रोसेसर विचारला नाही.

पुढच्या रांगा फटाफट झाल्या. मग लॅब असिस्टंट आला. "सर, मागच्या मशिनी चालून नाही राहिल्या ना."

"अहो भाऊ, आत्ताच तर दोन अधिक दोन करून बघितलं!"

"ते येऊन राहिलं सर. शंभर फॅक्टोरियल, म्हणजे एक ते शंभरचा गुणाकार, टाकून पाहा."

टाकलं. जीपी गायब, टर्मिनलवर एकच ओळ: इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड. म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना आली आणि प्रोग्राम मेला.

आधी पेनड्राइव्हवर संशय घेतला. मग रॅमवर. मग चक्क उन्हावर, कारण कूलरचं पाणी संपलं होतं आणि कॅबिनेटला हात लावला तर चटका बसत होता. यात सकाळ गेली. शेवटी जीडीबी या चुका शोधायच्या साधनात प्रोग्राम चालवला आणि मेला त्या जागची सूचना पाहिली: मलएक्स. ही गुणाकाराची सूचना बीएमआय-टू या प्रोसेसरच्या जादा सूचनांच्या संचातली, इंटेलमध्ये 2013 च्या हॅसवेल पिढीपासूनची. मागची रांग कोअर टू ड्युओ, म्हणजे त्याआधीचे जुने प्रोसेसर. तिला हा शब्दच ठाऊक नाही.

दोष माझाच. जीएमपी बिल्ड होताना समोरचा प्रोसेसर कोणता ते ओळखते आणि त्याच्यासाठी हाताने लिहिलेलं असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांतला कोड, उचलते. माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे हॅसवेलनंतरचा, म्हणून मलएक्सवाला कोड उचलला गेला. छोटी बेरीज त्या कोडपर्यंत जातच नाही, म्हणून दोन अधिक दोन बिनबोभाट येतात. शंभर फॅक्टोरियल 158 अंकी, तिथे पाय घसरतो.

मधल्या रांगेतल्या दोन मशिनींनी तर आणखी चकवलं. त्या 2013 च्याच पिढीच्या, पण पेंटियम. नाव हॅसवेल, तरी एव्हीएक्स हा दुसरा सूचनासंच नाही आणि बीएमआय-टूही नाही. तेव्हा पिढी विचारून भागत नाही. प्रत्येक जातीच्या एकेका मशिनवर एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवायला सांगा, फ्लॅग्जची (प्रोसेसरला येणाऱ्या संचांच्या यादीची) अख्खी ओळ मागवा आणि त्यात बीएमआय-टू, एडीएक्स, एव्हीएक्स-टू आहेत का ते स्वतः बघा.

कॉलेजचं नेट बंद होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उबुंटूचं तयार पारी-जीपी पॅकेज आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकदाच उतरवून घेतल्या आणि पेनड्राइव्हने फिरवल्या. ही पॅकेजेस जुन्यातल्या जुन्या 64-बिट प्रोसेसरवरही चालावीत अशा बेताने बांधलेली असतात. तासाभरात मागची रांग सुरू. वेग थोडा कमी असेल, पण मुलांच्या गणितांना काय फरक पडतो?

स्वतःच बिल्ड करायचं असेल तर जीएमपीच्या कॉन्फिगरला, म्हणजे बिल्डआधीच्या तयारीच्या स्क्रिप्टला, एनेबल-फॅट हा पर्याय द्या. मग अनेक प्रोसेसरचा कोड एकत्र बसतो आणि निवड चालताना होते. कंपायलरच्या पर्यायांत मार्च-नेटिव्ह (फक्त समोरच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) दिसलं तर काढून टाका. पायथनमधलं नमपाय वापरणाऱ्यांनी त्याची ओपनब्लास ही गणिती लायब्ररी बांधताना डायनॅमिक-आर्क चालू ठेवावं, गोष्ट तीच. व्हर्च्युअल मशिनवर चाचणी घेणाऱ्यांनो, तिथे फ्लॅग्ज लपवलेले असू शकतात.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा सुरळीत झाली. सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊन गेलो होतो. तर्री वरून मागितली, नको होती मागायला. दुपारी निघताना पाहिलं तर असिस्टंटभाऊंनी मागच्या प्रत्येक कॅबिनेटवर स्केचपेनने चिकटपट्टी लावली होती: "आधी 100! करून पाहा."