अनामिक क्र. ३ : एका संकरित डेंड्रोबियमची नोंद, जून ते जानेवारी

जांभळ्या पाकळ्या आणि मध्यभागी पांढरा रंग असलेले डेंड्रोबियम ऑर्किड रोपवाटिकेत मागितले, की विक्रेता बहुधा ते 'सोनिया' म्हणूनच हातात ठेवतो. डोंबिवलीच्या माझ्या पूर्वेकडील बाल्कनीतले तिसरे रोप असेच नावाच्या चिठ्ठीशिवाय घरी आले आणि पहिले काही महिने मीही त्याला सोनियाच म्हणत होते. परंतु संकरित ऑर्किडचे नोंदलेले नाव फुलाच्या रंगाला नसते, ते आईबापांच्या जोडीला असते. ठरावीक दोन पालकांची सगळी संतती, मग ती दिसायला कशीही निघो, त्या एकाच नावाखाली येते, आणि ही नोंदवही १९६१ पासून इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. म्हणजे चिठ्ठीवर 'सोनिया' लिहिले, की मी त्या रोपाचे कुळच सांगितल्यासारखे होते आणि त्याला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. म्हणून जूनमध्ये ते नाव खोडून 'अनामिक क्र. ३' असे लिहिले.

कूळ सांगता आले नाही, तरी गोत्राचा अंदाज बांधता येतो. या रोपाचे फुलांचे दांडे खोडाच्या वरच्या पेरांतूनच निघतात आणि पाने थंडीतही टिकतात. त्यामुळे खोडभर पेरापेरांतून फुलणाऱ्या नोबिले गटातले ते नाही. पाकळ्या रुंद व सपाट आहेत, हा ऑस्ट्रेलियातील बिगिबम जातीचा वारसा दिसतो. मात्र कळी उमलल्यावर पहिले दोन दिवस वरच्या दोन्ही पाकळ्या किंचित पीळ घेऊन उभ्या राहतात आणि मगच पसरतात. हरणाच्या शिंगांसारख्या पिळदार पाकळ्यांच्या गटाचे रक्त मागच्या एखाद्या पिढीत मिसळले असावे, असा माझा तर्क आहे; तो तर्कच समजावा. रंगावर मात्र मी आता विसंबत नाही. जूनच्या उकाड्यात उमललेली फुले फिकट होती आणि त्याच रोपाची डिसेंबरमधली फुले इतकी गडद होती, की दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर ती दोन वेगळी रोपे वाटतात.

१७ जुलै. फुले संपल्यावर पाने गळालेली दोन जुनी खोडे कापली आणि उसाच्या बेण्याच्या करतात तशा तीन-तीन डोळ्यांच्या पाच टिपऱ्या केल्या. पेरावरचा कागदासारखा पापुद्रा हलकेच सोलला, की आतला डोळा दिसतो. ज्या डोळ्यातून एकदा फुलांचा दांडा येऊन गेला आहे, तो फुटत नाही, म्हणून असे डोळे मोजणीत धरू नयेत. प्रत्येक रोपापूर्वी ब्लेड गॅसच्या ज्योतीवर तापवून घेतले, कारण सिंबिडियम मोझेकसारखे विषाणू पात्याला लागलेल्या रसातून एका रोपाचे दुसऱ्याला लागतात. कापांना दालचिनीची पूड लावली, टिपऱ्या दिवसभर सावलीत सुकू दिल्या आणि मग मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओल्या स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळावर) आडव्या ठेवल्या.

इथे माझी चूक झाली. मॉस पिळून घेतले नव्हते आणि बाहेर श्रावणाची दमट हवा होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोन टिपऱ्या काळ्या पडून कुजल्या. उरलेल्या तिघी कोरड्या मॉसवर हलवून केवळ फवाऱ्यावर ठेवल्या. एक सुरकुतून गेली. दुसरीला नवव्या आठवड्यात आणि तिसरीला अकराव्या आठवड्यात मोहरीएवढा हिरवा कोंब दिसला.

याच काळात मूळ रोपाने न मागता एक पिल्लू दिले. पावसात नारळाच्या सोडणाचे तुकडे सतत भिजत राहिल्याने कुंडीतली मुळे सडली होती आणि मुळे गेली, की डेंड्रोबियम अनेकदा खोडाच्या शेंड्याकडे असे पिल्लू धरते. हौशी मंडळी त्याला केइकी म्हणतात. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ मूल. गेल्या वर्षी मुळे जेमतेम दोन सेंटिमीटर असताना घाईने तोडलेले पिल्लू पंधरा दिवसांत वाळले होते. या वेळी मुळे पाच सेंटिमीटर होईपर्यंत थांबले आणि २ नोव्हेंबरला ते वेगळे करून भोके असलेल्या तीन इंची मातीच्या कुंडीत, कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत बसवले. आईला जुन्या सोडणातून काढून तेच मिश्रण दिले.

बियांचा विचार मी केलेला नाही. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीमध्ये अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते बुरशीच्या आधाराने रुजते, तर प्रयोगशाळेत १९२२ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसनने दाखवून दिल्याप्रमाणे साखर घातलेल्या अगार या जेलीवर. एवढे सगळे साधले, तरी संकराचे प्रत्येक रोप वेगळे निघणार. टिपरी आणि पिल्लू मात्र तेच रोप असते. सिंगापूरचे राष्ट्रीय फूल असलेले मिस जोआकिम हे संकरित ऑर्किड १८९३ पासून प्रामुख्याने खोडांच्या तुकड्यांवरच जगभर पसरले आहे.

११ जानेवारी. पिल्लू, म्हणजे ३-क, याला बुडाशी नवा कोंब असून तो चार सेंटिमीटर झाला आहे. आठवड्यातून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) एवढेच खत देते. टिपरीवरचे ३-ख अजून मॉसवरच आहे. त्याला तीन मुळे असून सर्वांत लांब मूळ अडीच सेंटिमीटर आहे, म्हणून ब्लेड अजून हातात घेतलेले नाही. दुसऱ्या टिपरीवरच्या ३-ग च्या कोंबावर परवा पिठ्या ढेकूण दिसला. तो कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसला आणि डबा खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.