भुऱ्या ट्रेबाहेर शू करायला लागला तेव्हा

आईच्या गोधडीवर पहिल्यांदा ओल दिसली तेव्हा वाटलं, खिडकीतून पाऊस आला असेल. जुलै महिना, डोंबिवलीत आठवडाभर नुसती झड लागलेली. गोधडी नाकाशी नेली आणि कळलं. आमचा भुऱ्या सहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. पिल्लू म्हणून घरी आला त्या दिवसापासून शू-शीचा ट्रे सोडून कुठे बसला नव्हता.

"रुसलाय गं तो," आई म्हणाली. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर." मलाही ते पटलं, आणि त्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत परत गोधडी, एकदा सोफा, दोनदा बाथरूमबाहेरचं पायपुसणं. मी दर वेळी फिनेलने पुसत होते आणि त्याच्यावर ओरडत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, तिथे त्याचं नाक घास, अक्कल येईल. ते माझ्याने झालं नाही. पण ओरडले, त्याचंही मला आजवर वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर बसलेला दिसला. पाठीची कमान, शेपूट ताठ, डोळे अर्धे मिटलेले. बराच वेळ तसाच. उठला तेव्हा खाली रुपयाएवढा थेंब होता, गुलाबी. तो चार पावलं गेला आणि परत येऊन तिथेच बसला. या वेळी थेंबही आला नाही, घशातून एक बारीक, ओढलेला आवाज आला. तशीच त्याला पिशवीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी पोट चाचपलं. "मूत्राशय चेंडूसारखं टणक नाहीये, म्हणजे अजून तुंबलेलं नाही," ते म्हणाले, तेव्हा मला काय टळलंय ते समजलं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकून शू पूर्ण बंद झाली, तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून बोका सारखा बसतोय आणि थेंब-थेंब किंवा काहीच येत नाहीये असं दिसलं, तर उद्याची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही द्यायची नाही, मांजराला ती विष आहे.

सोनोग्राफीत बघत सुईने लघवी काढली. तपासणीत रक्त होतं, जंतू नव्हते, खडाही नव्हता. मूत्राशयाला सूज आली होती. मांजरांमध्ये ही सूज बऱ्याचदा ताणामुळे येते, असं डॉक्टर म्हणाले. वेदनाशामक दिलं, कोरडं खाणं कमी करून ओलं द्यायला सांगितलं, म्हणजे पोटात पाणी जास्त जाईल. मग विचारलं, "घरात एवढ्यात काय बदललं?"

मी म्हटलं, काहीच नाही. नवऱ्याला आठवलं. जूनमध्ये हॉलला रंग दिला तेव्हा ट्रे कोपऱ्यातून उचलून ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या शेजारी ठेवला होता. त्याच सुमारास झाकणाचा नवा डबा आणला आणि लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये भरायचे दाणे. वास आम्हाला नको होता म्हणून. त्याच्या नाकाला तो कोंडलेल्या डब्यात कसा वाटत असेल, आणि तो आत बसलेला असताना मशिन गरगरायला लागलं की काय होत असेल, हा विचार आमच्या कुणाच्या मनात आला नाही.

आठवडाभरात रक्त थांबलं, पण ट्रेकडे तो फिरकेना. डॉक्टरांनी सांगून ठेवलंच होतं: ट्रेमध्ये बसलं की दुखतं, एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. मग नवा, उघडा, मोठा ट्रे आणला, तो पाय न दुमडता आत फिरू शकेल एवढा. असे दोन, कारण मांजर एक असलं तरी ट्रे दोन असावेत. हॉलमध्ये शेजारी-शेजारी ठेवले: एकात बिनवासाचं बारीक, शू लागली की गोळे होणारं लिटर, दुसऱ्यात लाकडाच्या कांड्या. लाकडाच्या ट्रेचा त्याने फक्त वास घेतला. बारीकमध्ये दुसऱ्या रात्री उकरल्याचा आवाज आला. मी अंथरुणात उठून बसले आणि तो आवाज संपेपर्यंत हलले नाही. नंतर दोन्हींत तेच भरलं, साधारण तीन बोटं जाड, आणि एक ट्रे बेडरूममध्ये नेला.

डाग हे वेगळंच प्रकरण. पावसाळी हवेत सोफ्याचा वास परत परत वर यायचा, कारण लघवीतले युरिक ॲसिडचे स्फटिक साबणाने निघत नाहीत. त्याला एन्झाइमचा क्लीनरच लागतो, तोही भरपूर ओतून, मुरवून, आपोआप वाळू द्यायचा. रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवला तेव्हा भिंतीच्या कडेला आणखी दोन डाग चमकले, जे आम्हाला माहीतच नव्हते. फिनेल घरातून कायमचं गेलं. ते मांजराच्या पंजाला लागतं, चाटताना पोटात जातं आणि त्याचं यकृत ते पचवू शकत नाही. सोफ्याच्या त्या कोपऱ्याशी महिनाभर त्याची खाण्याची वाटी ठेवली. खायच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही.

सप्टेंबरात एकदा पायपुसणं ओलं झालं, घरी पाहुणे होते तेव्हा. त्याच दिवशी तपासून आणलं, काही निघालं नाही. त्यानंतर नाही.

आता रोज सकाळी ट्रे साफ करताना मी गोळे मोजते. लिंबाएवढे दोन-तीन असले की ठीक. बारीक बारीक बरेच दिसले, तर ऑफिस बाजूला. आज तीन होते. भुऱ्या आईच्या गोधडीवर झोपलाय, आणि आई त्याला धक्का लागू नये म्हणून खुर्चीत बसून पेपर वाचतेय.