मटार, फरसबी, पालक: हिरवा रंग जातो कसा, राखायचा कसा

हंगामातली कोवळी हिरवी भाजी बिघडते ती बहुतेक वेळा चार-पाच मिनिटं जास्त शिजल्यामुळे. रंग, गोडवा आणि करकरीतपणा तिन्ही बरोबरच जातात, आणि नंतर कितीही मसाला घातला तरी परत येत नाहीत.

सगळ्यात नाजूक मटार. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उष्ण हवेत हे फार भराभर होतं. म्हणून शेंगा आणल्या की लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि सोला मात्र शिजवायच्या आधी. घेताना एक दाणा चाखून पाहावा. गोड लागला तर घ्या. पिठूळ लागला तर तो सुपात घालून वाटायच्या कामाचा. एक किलो शेंगांतून दाणे निम्म्याहून कमीच निघतात, हे धरूनच शेंगा घ्याव्यात.

आता रंगाचं. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. भाजी तापली की तिच्या पेशी फुटतात, आतली आम्लं बाहेर येतात आणि मॅग्नेशियमला हुसकावून लावतात. मग भाजी मळकट शेवाळी दिसते. भरपूर पाण्यात ही आम्लं पातळ होतात आणि झाकण नसेल तर त्यातली काही वाफेबरोबर उडून जातात. म्हणून पाव किलो भाजीला ३ लिटर पाणी, त्यात ३० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे. पाणी खळखळा उकळलं की मगच भाजी टाकायची, झाकण अजिबात नको. मटाराला दीड ते दोन मिनिटं, फरसबीला तीन ते चार, पालकाच्या पानांना अर्धं मिनिट पुरतं. लगेच निथळून बर्फाच्या पाण्यात घाला, नाहीतर आतल्या उष्णतेने ती शिजतच राहते. गार झाली की बाहेर काढा; पाण्यात तशीच ठेवली तर पाणचट होते.

पातेलं लहान असेल तर भाजी दोन वेळा करून टाका. एकदम सगळी टाकली की पाणी थंडावतं, उकळी परत यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रंग उतरतो.

सोडा घालू नका, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. रंग हिरवागार राहतो खरा, पण पेशींच्या भिंती विरघळून भाजी गिळगिळीत होते, आणि क व ब-१ जीवनसत्त्वं नष्ट होतात.

भरपूर पाण्याच्या पद्धतीतही थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतंच. ते पाणी सुपात वापरायचं नसेल तर दुसरा मार्ग बरा: पसरट कढईत पाव किलो फरसबी, चार चमचे पाणी, चमचाभर तेल, झाकण ठेवून मोठ्या आचेवर तीन मिनिटं, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत परतायची. रंग किंचित कमी खुलतो, पण चव भाजीतच राहते.

लिंबू आणि टोमॅटो शेवटी, आच बंद करताना. आम्लाने रंग जातोच, शिवाय फरसबी नरम व्हायचीही थांबते. टोमॅटोच्या रसात सुरुवातीपासून टाकलेली फरसबी अर्ध्या तासानेही कडक लागते ती याचमुळे.

पालक धुताना पाणी ओतून टाकू नका, पानं वर उचलून घ्या. माती तळाशी राहते. तीन पाण्यांतून काढावा. देठं जाड असतील तर पानांच्या मिनिटभर आधी टाकायची. परतायचा असेल तर पानं नीट निथळलेली हवीत, आणि मीठ आळल्यावरच घाला. अर्धा किलो पालक शिजून वाटी-दीड वाटीच होतो, आधी अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

हंगाम संपता संपता मटार साठवायचे असतील तर हेच दीड मिनिट उकळणं वगळू नका. न उकळता गोठवलेल्या दाण्यांत एन्झाइम्सचं काम चालूच राहतं आणि काही आठवड्यांत वाळल्या गवतासारखा वास येतो. उकळून, गार करून, कापडावर पूर्ण कोरडे करा, ताटात एका थरात पसरून गोठवा आणि मगच पिशवीत भरा, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. वापरताना वितळवत बसू नका. गोठलेलेच कढईत टाका, दोन मिनिटं पुरे.